आजाऱ्याची पाठ पाहिली का?



माझ्या सासूबाई वयाच्या ८१ व्या वर्षी घरातल्या घरात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. हॉस्पिटलात दाखल केले, ऑपरेशन तिसऱ्या दिवशी ठरले. पहिल्या रात्री मी त्यांच्याजवळ होते. रात्री दोनच्या सुमारास सिस्टर त्यांना जरा कलते करायला आली, तेव्हा मीच तिला म्हटले, "आताच डोळा लागलाय गं, राहू दे." मी स्वतः आयुष्यभर नर्स म्हणून काम केलेली! ती तरुण मुलगी माझा मान राखून निघून गेली. दुसऱ्या रात्रीही तेच. पाचव्या दिवशी अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा जांभळा डाग दिसला. आठवड्याभरात तेथील कातडी फुटली. हाड दोन महिन्यांत सांधले, पण ती जखम भरायला पाच महिने लागले. आजाऱ्याला त्रास नको म्हणून आपण त्याला हलवत नाही, आणि नेमके तेच त्याला बाधते. म्हणून हा लेख.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होणाऱ्या या जखमांना बेडसोअर किंवा शय्याव्रण म्हणतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस व कातडी दाबली जाते, तेथील बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि रक्त न मिळाल्याने तो भाग मरू लागतो. यासाठी काही तासही पुरतात. पुष्कळदा इजा आधी आत, हाडाजवळ होते आणि वर डाग दोन-तीन दिवसांनी उमटतो. म्हणजे सोमवारी दिसलेला डाग शुक्रवारी-शनिवारी स्ट्रेचरवर किंवा ऑपरेशनच्या टेबलावर पडून राहिल्याचा असू शकतो. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू ही धोक्याची ठिकाणे. ऑक्सिजनच्या नळीने कानामागेही व्रण होतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

ही जखम किरकोळ समजू नये. सुपरमॅनची भूमिका करणारा नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडला आणि त्याचे मानेखालचे शरीर लुळे झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये तो वारला, तेव्हा अशाच एका जखमेतून शरीरभर पसरलेल्या जंतुसंसर्गावर त्याचे उपचार चालू होते. त्याला सेवेची काय कमतरता असणार!

आता डाग ओळखायचा कसा? पुस्तकात लिहिलेले असते की लाल झालेल्या जागी बोट दाबावे. बोट काढल्यावर ती जागा क्षणभर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे, लालच राहिली तर व्रणाची सुरुवात झाली. पण हे गोऱ्या कातडीचे झाले. आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसतच नाही. म्हणून उजेडात पाहा, दुसऱ्या बाजूशी तुलना करा आणि हात लावून बघा. एखादी जागा भोवतीपेक्षा गरम किंवा थंड, टणक किंवा पिचपिचीत लागते का? जांभळट, काळपट दिसते का? तेथे हात लावताच आजारी कण्हतो का? असे असेल तर लगेच सिस्टरना दाखवा आणि त्या बाजूवर पुन्हा झोपवू नका.

खरा उपाय जुनाच आहे, दाब काढणे. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने या जखमांनी मरत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल हॉस्पिटलात डॉ. लुडविग गुटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम घातला, आणि मरतील म्हणून सोडून दिलेली माणसे जगू लागली. पुढे याच डॉक्टरांनी अपंगांचे खेळ सुरू केले, त्यातून पॅरालिम्पिक झाले.

कूस बदलताना आजाऱ्याला पूर्ण आडवे वळवू नका, नाहीतर सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी लावून थोडेसे कलते ठेवा, साधारण ३० अंश. दोन गुडघ्यांमध्ये उशी हवी. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवा की टाचा अधांतरी राहतील. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये, त्याने कातडी चादरीला घासते. खाली आडवी चादर घालून दोघांनी दोन्हीकडून उचलावे. रविवारी मिस्सानंतर आपण चार-चार जण आजाऱ्याला भेटायला जातो, सफरचंदे ठेवतो आणि बसून गप्पा मारतो. सिस्टरना विचारून दोघांनी चादर धरली तर त्या भेटीचे अधिक चीज होईल. मात्र हाड मोडलेले असेल किंवा कण्याला मार असेल, तर विचारल्याशिवाय हात लावू नये.

पलंगाचे डोके फार उंच करून ठेवले की आजारी खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि हाड आत सरकते, हेही तितकेच घातक. जेवणापुरते उंच करा, आधी गुडघ्याकडचा भाग थोडा उचला. नाकातून नळीने अन्न चालू असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितके उंच ठेवावेच लागते. हवेची गादी चांगलीच, पण ती आणली म्हणजे कूस बदलायला नको, असे नाही.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या काही गोष्टी आज चूक ठरल्या आहेत. स्पिरिट लावून पाठ चोळणे, वर पावडर मारणे हे आम्ही वर्षानुवर्षे मनोभावे केले. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, आणि लाल झालेली जागा चोळल्याने आतले मांस अधिक दुखावते. कमरेखाली रबरी रिंग ठेवू नये, कारण रिंगच्या कडेवर नवा दाब येतो. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवण्याची पद्धतही सोडून द्यावी.

ओले राहिलेले अंग लवकर फुटते. डायपर वेळेवर पाहा, कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्या आणि वर झिंकचे मलम लावा. खाण्यात प्रथिने हवीत. धोका असलेल्या, अशक्त माणसाला दर किलो वजनामागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम सांगतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅमच असतात, यावरून नुसत्या पेजेवर काय होते त्याचा अंदाज करा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सिस्टरना एक प्रश्न जरूर विचारावा, "ब्रेडन स्कोअर किती आहे?" १९८७ साली अमेरिकेतील बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी प्रसिद्ध केलेली ही गुणांची पद्धत. संवेदना, ओलावा, चालणे-फिरणे, अंथरुणात हालचाल, आहार आणि घर्षण यांना गुण देतात. बेरीज ६ ते २३ मध्ये येते आणि १८ किंवा कमी असेल तर धोका समजतात. आपण विचारले म्हणून कोणी रागावत नाही. एका सिस्टरकडे किती पेशंट असतात हे मला माहीत आहे. कूस बदलल्याची वेळ नातेवाइकांनी कागदावर टिपून ठेवली तर तिला मदतच होते.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत हे राहून जाते. घरी नेण्याआधी सिस्टरसोबत पाठ, खुबे आणि टाचा एकदा नीट पाहून घ्या. डाग किंवा जखम असेल तर ती कार्डावर लिहून मागा. ड्रेसिंग कोणते, किती दिवसांनी आणि कोण करणार, तेही विचारा. सासूबाईंच्या कार्डावर फक्त हाडाचे लिहिले होते.