विहीर तीच, पाणी वेगळे

वार्षिक परीक्षा संपली की गावोगावच्या विहिरींवर पोहणाऱ्यांची गर्दी होते. काठावरून कोणी सूर मारतो, कोणी गुडघे पोटाशी घेऊन धपकन उडी टाकतो. ‘दिवाळीत इथूनच तर उडी मारली होती, आता कसली भीती?’ असे तुम्हांला वाटेल. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ती विहीर आता निराळी झालेली असते.

समजा, काठापासून तळ १० मीटर आहे. दिवाळीत पाणी काठाखाली ४ मीटरवर होते, म्हणजे पाण्याची खोली ६ मीटर. मे महिन्यात पातळी आणखी ४ मीटर उतरली. आता तुम्ही ८ मीटर पडणार आणि खाली पाणी अवघे २ मीटर! एकाच कारणाने उडी वाढली आणि खोली घटली.

आता वेग काढू. वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वीय त्वरण × उंची. यावरून ४ मीटर पडल्यावर वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर येतो, ८ मीटरला ४५. उंची दुप्पट होऊनही वेग दुप्पट झाला नाही, एवढेच काय ते समाधान. हा वेग २ मीटरांत शून्यावर आणायचा तर पाण्याला तुमच्या वजनाच्या सरासरी पाचपट बल लावावे लागेल. पोटावर आडवे पडून अर्ध्या मीटरात थांबलात, तर सतरापट! आणि सूर मारलात, तर पाणी वेग पुरता मोडण्याआधीच डोके तळाला लागू शकते. मानेचे मणके मोडून आतील मज्जारज्जू दुखावला, तर हातपाय कायमचे लुळे पडतात. म्हणूनच १० मीटर उंच मंचावरून सूर मारणाऱ्या स्पर्धकांसाठी तलाव साडेचार ते पाच मीटर खोल ठेवतात. मेक्सिकोतील अकापुल्को येथे सुमारे ३५ मीटर उंच कड्यावरून उडी घेणारे कसलेले लोकसुद्धा लाट आत येऊन पाणी चढण्याची वेळ साधतात.

वक्रीभवनाचा धडा शिकलेला एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, ‘सर, ३ मीटर दिसणारे पाणी खरे तर ४ मीटर असते!’ खरे आहे. पण त्यासाठी तळ दिसायला हवा. दगडाच्या जुन्या खाणीतील गढूळ पाण्यात तो दिसतच नाही, मग पाण्याखालचा खडक कुठून दिसणार?

तेव्हा पाणी मोजावे. दोरीला दर मीटरवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा आणि उडीच्या जागी व तिच्या भोवती चार-पाच ठिकाणी सोडून पाहा. काळ्या खडकात खोदलेल्या विहिरीचा तळ क्वचितच सपाट असतो. हे दर खेपेला करायचे. पाणी उतरले असेल, तर मुकाट्याने पायऱ्यांनी उतरून पोहावे. काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब घेऊन पोहता येणारे मोठे माणूस हवेच.

तळाला आपटून कोणाचे हातपाय हलेनासे झाले, तर त्याला खांद्याला धरून ओढू नये. मोठ्यांनी त्याचे तोंड पाण्यावर ठेवून त्याला उताणे तरंगत धरावे, डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवावी आणि फळीवर बांधूनच वर घ्यावे. श्वास थांबला असेल, तर मात्र फळीची वाट न पाहता आधी बाहेर काढून तोंडाने श्वास द्यावा.