साखरपुड्याआधी सांगू का?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी, लग्नाआधी झालेलं बाळ मी बाल कल्याण समितीपुढे सोपवलं. आता एक स्थळ मनापासून आवडलंय. पण त्यानं हात धरला तरी अंग आक्रसतं. त्याला सांगावं का?

उत्तर : अंग आक्रसणं स्वाभाविक आहे. जवळीक, दिवस जाणं, ताटातूट ही साखळी शरीराच्या लक्षात राहते. बारसं नाही, सुतक नाही, कुणाजवळ रडायची सोय नाही. असं दुःख नव्या नात्यात अनेकदा वर येतं. आधी समुपदेशकाशी बोला. ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

त्याला सांगा, आणि साखरपुड्याआधीच. दोघंच असताना, मोजक्या शब्दांत : “मला बाळ झालं होतं, दत्तक जावं म्हणून सोपवलं, त्याची आठवण येते.” माफी मुळीच मागू नका. तुम्ही बाळ टाकलं नाहीत; २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार, फेरविचाराला दोन महिने मिळून, रीतसर सोपवलंत. सासरी सांगायचं की नाही, हे सर्वस्वी तुमच्या हातात. नोंदी गोपनीय असतात. मात्र १८ वर्षांनंतर मूल स्वतः जन्मदात्यांच्या शोधासाठी अर्ज करू शकतं. नवऱ्याला तेव्हा पहिल्यांदा कळू नये. ऐकून तो गप्प झाला तर थोडे दिवस द्या. टोमणा मारला, तर हे स्थळ नाकारा.