भिंतीला दोन हात

पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले. दम होता, पाण्याची भीती नव्हती. पुढे तालुक्याच्या तलावावर जायला लागले, तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुझी कैची सुटली पाहिजे." विहिरीत पोहणाऱ्यांचा एक पाय आडवा कापत जातो, तीच ही कैची. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही पाय एकाच वेळी, सारखेच, बेडकासारखे बाहेर फेकावे लागतात. एक पाय वेगळा गेला की पोहणारा बाद. सहा महिने घासून मी ती सवय मोडली. दुसरी सवय मात्र कुणाच्याच लक्षात आली नाही.

सराव करताना घड्याळ भिंतीवर डाव्या बाजूला होतं. लॅप संपला की मी उजव्या हातानं कठडा धरायची आणि मान वळवून वेळ बघायची. रोज, प्रत्येक लॅपला.

जिल्हा स्पर्धेत शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक होता. पंचवीस मीटरच्या तलावात त्याचे चार लॅप होतात, म्हणजे तीन टर्न आणि शेवटचा टच. तिसऱ्या टर्नला शेजारच्या लेनमधली मुलगी माझ्या खांद्याशी होती. मी घाईनं भिंत गाठली. उजवा हात आधी लागला, डावा मागून आला. मला ते कळलंही नाही. शेवटी सगळ्यांच्या आधी टच केला, टोपी काढली, आणि वर बघते तर टर्नवरचे पंच कागदावर लिहीत होते. आईनं गॅलरीत टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. नाव पुकारलं गेलं ते बाद म्हणून.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी आणि सुटे लागले पाहिजेत. एकावर एक ठेवलेले चालत नाहीत. एक हात वर, एक खाली चालतो, पण मागेपुढे चालत नाही. फ्रीस्टाइलला ही सक्ती नाही, म्हणून तिथे कोलांटी मारून पायांनी भिंत ढकलता येते. बॅकस्ट्रोकला शेवटी पाठीवर असतानाच भिंत शिवायची असते. तिथे भिंतीच्या पाच मीटर आधी वर झेंडे टांगलेले असतात. नव्या तलावावर गेलात तर वॉर्मअपमध्येच झेंड्यापासून भिंतीपर्यंत किती हात पडतात ते मोजून घ्या, नाहीतर डोकं आपटतं.

टच म्हणजे नुसता नियम नव्हे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर बटरफ्लायला सर्बियाचा चाविच पुढे होता. तो शेवटी हात पुढे ताणून भिंतीकडे तरंगत गेला. अमेरिकेच्या फेल्प्सनं आणखी एक आखूड हात मारून भिंतीवर धडक दिली आणि सेकंदाच्या शंभराव्या भागानं जिंकला. त्या वेळी पाणी कापून पुढे जाणं आणि भिंतीला भिडणं या दोन वेगळ्या कला ठरल्या.

म्हणून नवीन मुलांच्या आईवडिलांना माझं कळकळीनं सांगणं आहे: किती लॅप मारले हे विचारू नका, शेवटच्या लॅपचा टच कसा झाला ते विचारा. दमल्यावर शरीर मनाचं ऐकत नाही, ते सवयीचं ऐकतं. सरावातला सैल टच स्पर्धेत नेमका तिसऱ्या टर्नला बाहेर येतो. भिंत सोडतानाही तेच. हात कानामागे जोडून, अंग सरळ ताणून सुटायचं. ब्रेस्टस्ट्रोकला त्यानंतर पाण्याखाली हातांचा एक लांब पुल, दोन्ही पाय जोडून एक डॉल्फिन किक आणि मग ब्रेस्टस्ट्रोकची एक किक, एवढीच मोकळीक मिळते. दुसरी डॉल्फिन किक मारली की बाद.

आता मी रविवारी मुलांना शिकवते. घड्याळ मीच बघते, वेळ मीच सांगते. परवा एका मुलीनं दमून एका हातानं भिंत पकडली. मी काही बोलले नाही. तिनंच माझ्याकडे पाहिलं, झेंड्यांच्या खालपर्यंत मागं गेली, पुन्हा आली आणि दोन्ही हात एकदम भिंतीवर टेकवले.