शाळेचे फाटक आणि पाकिटातला खाऊ

शाळेत जे सांगितले जाते ते खरेच असणार, अशी मुलाची श्रद्धा असते. खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपन्यांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले. बोर्नव्हिटाची आंतरशालेय प्रश्नमंजूषा १९७२ साली सुरू झाली. पुढे ती आकाशवाणीवरून आणि दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचली. स्पर्धा ज्ञानाचीच होती. पण तिच्याबरोबर एका गोड पेयाचे नाव हुशारीशी जोडले गेले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने मात्र ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेये 'आरोग्यपेय' या सदरातून काढण्यास सांगितले.

या प्रश्नावर कायदा झालेला आहे. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, शीतपेये इत्यादींना मनाई केली. त्यानंतर केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम आले. त्यांनुसार चरबी, मीठ वा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत मुलांना विकता येत नाहीत. तेथे त्यांची जाहिरात करणे किंवा ते फुकट वाटणेही निषिद्ध आहे. शाळेच्या इमारतीवर, बसवर, पुस्तकांच्या वेष्टनांवर अशा पदार्थांचे बोधचिन्हही चालत नाही. म्हणजे केवळ पदार्थच नव्हे, तर शाळेची प्रतिष्ठा उसनी घेणेही कायद्याने रोखले आहे.

परंतु एकावन्नाव्या मीटरवर काय? तेथे टपरीवर पाच रुपयांच्या पाकिटांची माळ लटकलेली असते. शाळेत प्राथमिकच्या मुलाला शंभर ग्रॅम धान्याचे, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने देणारे मध्यान्ह भोजन ठरलेले आहे. पण त्या खिचडीला ना चकचकीत वेष्टन, ना आत खेळणे! पाकिटाने भूक मेली, की ताटातली खिचडी तशीच राहते.

येथे आपल्या जामखेडचे उदाहरण आठवते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित, काही तर निरक्षर, अशा खेड्यातील स्त्रियांना त्यांनी आहार आणि बालसंगोपनाचे ज्ञान दिले. त्या स्त्रियांनी ते घरोघरी नेले. या कार्यासाठी १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भाकरी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी यांचे मोल आईला पटले, तर मूल सुधारते, हा त्यातला धडा आहे.

कायदा फाटकापाशी पहारा देईल. घरातला पहारा आपणच द्यायचा आहे. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. एखादी कंपनी बक्षिसे घेऊन दाराशी आली, तर तिने सोबत काय आणले आहे, हे आधी विचारण्याची सवय आजच लावून घेऊ या.