लकवा : आधी फोटो, मग औषध

माणसाचं तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला की आपल्या वऱ्हाडात 'लकवा मारला' म्हणतात. शब्द एकच, पण आतला बिघाड दोन तऱ्हेचा. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते, दुसऱ्यात ती फुटून रक्त मेंदूत सांडते. हे दुसरं म्हणजे ब्रेन हॅमरेज. जोराची डोकेदुखी, उलटी, बेशुद्धी असली तर हॅमरेजचा संशय वाढतो, पण नुसतं बघून अनुभवी डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि उपचार तर एकमेकांच्या उलट! गुठळी असेल तर साधारण साडेचार तासांच्या आत ती विरघळवण्याचे इंजेक्शन देतात. तेच हॅमरेजच्या पेशंटला दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून इमर्जन्सीत आधी सीटी स्कॅन.

हे मशीन एका विद्युत अभियंत्याने बनवले. ईएमआय कंपनीतल्या गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ साली त्याला ऍलन कॉरमॅकसोबत नोबेल मिळाले. गंमत म्हणजे त्याचे शिक्षण डिप्लोमाचे. डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!

एक्स-रे ट्यूब डोक्याभोवती फिरते, समोरचे डिटेक्टर किती किरण शोषले गेले ते मोजतात आणि कॉम्प्युटर प्रत्येक बिंदूला एक आकडा देतो. पाणी ०, हवा उणे १०००, मेंदूचा करडा भाग ३५-४०, साकळलेले ताजे रक्त ६० ते ८०. हजारोंच्या पट्टीवर हा फरक किरकोळ. म्हणून पडद्यावर फक्त ० ते ८० एवढीच खिडकी उघडतात, मग रक्त पांढरेशुभ्र दिसते. हा पांढरेपणा मुख्यतः हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनामुळे येतो. त्यामुळे अंगात रक्त फारच कमी असलेल्या पेशंटमध्ये ताजा रक्तस्रावही फिका दिसून फसवू शकतो. ऍनिमिया घरोघरी असलेल्या आपल्या भागात हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गोळ्याचे आकारमान काढायला डॉक्टर आपलेच गणित वापरतात : लांबी × रुंदी × उंची ÷ २. लंबगोलाच्या सूत्रातला π/६ म्हणजे जवळपास अर्धाच की! ५, ४ आणि ३ सेंमी असेल तर ३० मिली. इथून पुढे धोका बराच वाढतो. शिवाय पहिल्या काही तासांत गोळा वाढू शकतो, म्हणून बीपी उतरवतात, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उतारा देतात आणि गरजेप्रमाणे पुन्हा स्कॅन करतात.

मग बीपीची गोळी घरीच दिली तर? २०२४ साली चीनमधल्या एका मोठ्या चाचणीत ऍम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवून पाहिले. हॅमरेजवाल्यांना फायदा झाला, गुठळीवाल्यांचे नुकसान झाले. तेव्हा ऍस्पिरिन नको, बीपीची गोळी नको, तोंडात पाणीही घालू नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा, १०८ लावा आणि जिथे रात्रीही सीटी चालू असते तिथेच न्या.

बडनेऱ्याहून अमरावती हाकेच्या अंतरावर. पण धारणीचा पेशंट सेमाडोह, परतवाडा करत घाट उतरून येतो, त्याचे तास रस्त्यातच जातात. जर्मनीत २००८ पासून सीटी मशीनच गाडीत बसवून पेशंटच्या दारी नेतात, आसामात दिब्रुगडलाही तशी गाडी फिरली आहे. मेळघाटच्या वळणांवर धक्के खाऊन ते मशीन अचूक राहील कसे, त्याला पॉवर पुरवायची कशी? मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना?