कॅड येतं, पण बदल करता येतो का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : मुलाला ऑटोकॅडचा क्लास लावू का, आणि लावला तर नोकरी लागेल का? क्लासच्या जाहिरातीत बहुधा 'फास्ट ड्राफ्टिंग' आणि 'सगळे शॉर्टकट' असं ठळक छापलेलं असतं. त्यामुळे वेग म्हणजे शॉर्टकट पाठ असणं, असा मुलांचाही समज होतो. शॉर्टकट यायलाच हवेत. पण त्यासाठी हजारो रुपये मोजायची गरज नाही.

रेषेला एल, वर्तुळाला सी, कॉपीला सीओ, ट्रिमला टीआर, ऑफसेटला ओ. उजवा हात माउसवर आणि डावा कीबोर्डवर ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. आयकॉन शोधत स्क्रीनभर फिरणारा कर्सर पाहिला की जाणकाराला उमेदवार कितपत तयार आहे ते लगेच कळतं. स्पेसबार इथे एंटरचं काम करतो आणि काहीच चालू नसताना दाबला तर मागची कमांड पुन्हा सुरू होते. दोन रेषांचा कोपरा जुळत नसेल तर एक ट्रिम कर, दुसरी एक्स्टेंड कर, असा द्राविडी प्राणायाम नको. फिलेट घ्या, शिफ्ट दाबून ठेवा, दोन्ही रेषांवर क्लिक करा : कोपरा चोख मिळतो. सिलेक्ट करताना खिडकी डावीकडून उजवीकडे ओढली तर पूर्ण आत आलेल्याच वस्तू निवडल्या जातात. उजवीकडून डावीकडे ओढली तर नुसत्या स्पर्श झालेल्याही. क्लास पूर्ण केलेल्या कितीतरी मुलांना हा फरक सांगता येत नाही. रोज तासभर हात चालवला तर एवढं सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं. आणि लाइट गेली तर घाबरू नका : ऑटोसेव्ह मुळात दर १० मिनिटांनी होतो, शिवाय शेजारी पडलेल्या बॅक फाइलचं एक्स्टेन्शन बदलून ती उघडता येते.

आता नोकरीच्या टेस्टकडे वळू. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक भागांतल्या छोट्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची मुलाखत असेल तर समोर एक साधा भाग ठेवतात. समजा, १५० मिलिमीटर व्यासाचा फ्लँज आहे, १२० च्या पीसीडीवर, म्हणजे भोकांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळावर, १२ मिलिमीटरची ८ भोकं. एक मुलगा एक भोक काढतो, कोन मोजून बाकीची सात कॉपी करतो. शेजारची मुलगी एकच भोक त्याच्या सेंटर लाइनसकट काढते आणि पोलर अ‍ॅरे देते, तोही असोसिएटिव्ह ठेवून. इथवर दोघांच्या वेळात फारसा फरक नसतो. मुलाचे हात चपळ असतील तर तोच पुढे असेल.

मग साहेब म्हणतात, "कस्टमरचा मेल आलाय, भोकं ६ करा."

मुलाला आता ४५ अंशांची सगळी मांडणी पुसून ६० अंशांनी नव्याने बसवावी लागते. मुलगी अ‍ॅरेवर क्लिक करते, ८ च्या जागी ६ टाकते. भोकं आपोआप सारख्या अंतरावर सरकतात. जाणता परीक्षक तेवढ्यावर थांबत नाही. तो खाली वाकून पाहतो : '८ होल' ही टीप तिने '६ होल' केली का? टायटल ब्लॉकमध्ये रिव्हिजन बदलली का? टीप तशीच राहिली तर सगळं कौशल्य पाण्यात, कारण शॉप फ्लोअरवरचा माणूस आधी टीप वाचतो.

ड्रॉइंग ऑफिसमध्ये कोरं पान क्वचितच समोर येतं. जुनं ड्रॉइंग उघडायचं, त्यात फेरफार करायचे, पुन्हा पाठवायचं, हेच बहुतांश काम. म्हणून वेळ वाचतो तो आधीच्या तयारीत. लेअर, डायमेन्शन स्टाइल आणि टायटल ब्लॉक भरलेली टेम्प्लेट फाइल एकदा नीट करून ठेवली की प्रत्येक नव्या ड्रॉइंगची पहिली वीस मिनिटं वाचतात. बोल्ट, दरवाजा, वॉशबेसिन यांचे ब्लॉक केले की मूळ ब्लॉक बदलताच सगळीकडचे बदलतात. थ्रीडीतही हाच न्याय. घाईत केलेलं सॉलिडवर्क्समधलं मॉडेल दिसायला सुबक असतं, पण एक माप बदललं की फीचर ट्रीमध्ये लाल खुणांची रांग लागते. असं मॉडेल हाती आलेला सहकारी ते दुरुस्त करत बसत नाही, नव्याने काढतो.

काही शॉर्टकट मात्र घातक असतात आणि ते मुलं एकमेकांकडून शिकतात. सगळ्यांत वाईट म्हणजे डायमेन्शनचा आकडा हाताने खोडून दुसरा लिहिणं. भाग काढला ४८ चा, हवा होता ५०. वेळ नाही म्हणून आकड्यावर ५० टाइप केलं. छापील कागद बरोबर दिसतो. पण लेझर कटिंगवाल्याकडे जाते ती डीएक्सएफ फाइल, आणि मशीन आकडा वाचत नाही, रेषा वाचतं. पत्रा ४८ चाच कापून येतो. 'नको ती कटकट' म्हणून ब्लॉक किंवा डायमेन्शन एक्स्प्लोड करून टाकणं हाही त्याच जातीचा आळस.

पालकांनी क्लास निवडताना फीच्या आधी एक चौकशी करावी : इथे ड्रॉइंग वाचायला शिकवतात का? आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं, त्यात टॉप व्ह्यू खाली येतो. हे कागदावर पेन्सिलीने न कळलेल्या मुलाला कुठलंच सॉफ्टवेअर तारणार नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन मेकॅनिकल आणि सिव्हिल हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, डिप्लोमा तीन वर्षांचा. माझ्या मते नुसत्या तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रापेक्षा ती वाट कितीतरी भक्कम. सरावाच्या सॉफ्टवेअरसाठी चोरट्या कॉपीची गरज नाही. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क पात्र विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवाना मोफत देते.

'एआय आलं, आता ड्रॉइंगला माणूस लागेल का?' ही नवी धास्ती. ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आलं आणि १९८६ पासून त्यात ऑटोलिस्पने तेच ते काम प्रोग्रामवर सोपवता येतं. ठोकळेबाज रेघा ओढण्याचं काम तेव्हापासूनच आटत चाललंय आणि पुढेही आटेल. कुठलं माप बदललं तर दुसरं काय बिघडेल, हे ओळखणाऱ्याला मात्र अजून मागणी आहे.

या सुट्टीत मुलांनी एक करून पाहावं. घरातला नळ, पंख्याची हुकप्लेट, सायकलचं पेडल, जे हाती लागेल ते व्हर्नियरने मोजून काढा. मग मित्राला त्यातली कुठलीही तीन मापं बदलायला सांगा आणि घड्याळ लावून दुरुस्ती करा. पहिली फाइल रिव्हिजन ए, दुसरी बी. काय बदललं त्याची एक ओळ टायटल ब्लॉकमध्ये. मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये या दोन्हींचे प्रिंट वरच ठेवा.