कंपोस्टच्या ढिगातली बुरशी

पाचट व प्रेसमडचं कंपोस्ट करा, असं या पानावरून आम्हीच सांगत आलो. ते खरंच आहे. पण ढीग उकरताना उडणाऱ्या धुळीविषयी बोलायचं राहून गेलं.

आतून तापलेल्या ढिगात ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’ ही बुरशी फोफावते. ५० अंश सेल्सिअसलाही ती मरत नाही. तिचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे, म्हणजे थेट फुप्फुसाच्या तळाशी जाणारे. धडधाकट माणसाच्या अंगातल्या पांढऱ्या पेशी ते फस्त करतात. मूत्रपिंड बदललेला, कर्करोगाची औषधं किंवा बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारा माणूस मात्र तावडीत सापडतो, कारण त्याची प्रतिकारशक्ती औषधांनीच कमी झालेली असते. ताप, खोकला, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, क्षयच वाटावा. नेहमीच्या अँटिबायोटिकनं ती हटत नाही, औषध वेगळं लागतं, आणि उशीर जिवावर बेततो.

अशा माणसाला ढिगापाशी किंवा बुरसटलेल्या कडब्यापाशी धाडू नका. तोंडाला पंचा गुंडाळून भागत नाही. (घरचंच काम म्हणून वडीलधारी ऐकत नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे.) ढीग ओला करून दुसऱ्यानं हलवावा. ताप आलाच, तर डॉक्टरांना गोळ्यांसोबत खताच्या ढिगाचंही सांगा. विचारल्याशिवाय आपण ते सांगत नाही.